पेट्रोल-कॉकची दांडी

जोडायच्या छोट्या विमानाच्या सांगाड्याच्या दोन बाजू असतात, डावी आणि उजवी. कॉकपिटमधलं सगळं सामान आधी आत बसवायचं आणि मग त्या दोन बाजू एकमेकींना चिकटवायच्या. एकदा चिकटवल्या की आत जे आहे ते आत राहिलं. मग चुकलं म्हणून कितीही कपाळ बडवा, उपयोग नाही. मिस्त्रींना हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तीन वाजल्यापासून ते दोन्ही बाजू टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नुसते बघत बसले होते. पाच वाजता ताई येणार होती आणि ती यायच्या आत विमान बंद करायचं ठरलं होतं.

तसा हा सगळा उद्योग ताईचाच. तिचे यजमान पुढच्या आठवड्यात ऐंशीचे होत होते. एके काळी ते शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायचे, एकावर एक अशा दोन पंखांचं. विमान सुटून एकतीस वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना अजून कॅप्टनच म्हणायची. "तुझे हात अजून शाबूत आहेत," ताईने धाकट्या भावाला फर्मावलं होतं, "ह्यांना ह्यांचं विमान करून दे. आणि ह्यांनाही तिथेच बसवून घे. माझ्या डोक्याला तेवढाच आराम."

मिस्त्री त्याच विमानाचे मेकॅनिक होते. नोकरी कॅप्टनच्याच शब्दावर लागलेली. बायकोचा भाऊ म्हणून नव्हे, पोरगा हुशार आहे म्हणून घ्या, असं कॅप्टननी साहेबाला सांगितलं होतं, आणि ते त्यांनी पुढे कधी बोलूनही दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर मिस्त्रींना जरा सोपं गेलं असतं.

खोक्यातून निघालेलं विमान खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचं होतं. पंख लावले की टेबलाबाहेर जाईल इतकं मोठं, पण कॉकपिटच्या नावाने बोंब. एक खुर्ची, एक दांडा आणि घड्याळांच्या जागी चिकटवायला एक स्टिकर. तो स्टिकर बघून कॅप्टनचा पारा चढला होता.

"म्हणजे मी काय स्टिकर बघून विमान उडवत होतो?"

झालं. त्या दिवसापासून महिनाभर रोज दुपारी कॅप्टन काठी टेकत यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि हुकूम सोडायचे. मिस्त्रींनी पत्र्यातून घड्याळांच्या चकत्या पाडल्या, आत केसाएवढे काटे रंगवले आणि वर वार्निशचा एकेक थेंब सोडून काच केली. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा पत्रा कापून खुर्चीचे पट्टे केले. विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या तारा सोलून त्यांच्या पेट्रोलच्या नळ्या वळवल्या. पायाखालच्या फळीवर सुईने ओरखडे काढले, कारण कॅप्टनच्या बुटांनी तिथला रंग गेलेला होता. घड्याळांच्या खाली दोऱ्याला बांधलेली पेन्सिलही लटकवली. ती पेन्सिल चिमट्यात धरून बसवताना कॅप्टननी श्वास रोखला होता, आणि ती बसल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले होते.

राहिला होता तो पेट्रोलचा कॉक. डाव्या भिंतीवर, गुडघ्याच्या वर. स्कूटरला असतो तसाच, फक्त मोठा. दांडी नळीच्या रेषेत असली की पेट्रोल चालू, आडवी असली की बंद. मिस्त्री महिनाभर त्याची टाळाटाळ करत होते. आज हे करू, उद्या ते करू, कॉक काय पाच मिनिटांचं काम. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

कारण एकतीस वर्षांपूर्वी ते विमान पडलं होतं ते या कॉकपायीच. उड्डाण करून शंभर फूट चढलं आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. कॅप्टननी ते नांगरलेल्या शेतात उतरवलं, म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. चौकशी झाली. कॉक बंद सापडला. वैमानिक पेट्रोल चालू करायला विसरला, नळीत होतं तेवढ्यावर वर गेला आणि खाली आला, असं साहेबांनी लिहिलं. परवाना गेला. कॅप्टननी उरलेली नोकरी त्याच कंपनीच्या वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडत काढली, आणि भेटेल त्याला एकच गोष्ट सांगितली: "मी कॉक उघडला होता. माझ्या हाताला आठवतंय." लोक मान डोलवायचे. ताईसुद्धा भाजी निवडता निवडता म्हणायची, "हो, उघडला होतात तुम्ही," आणि पुढची जुडी हातात घ्यायची.

कॅप्टननी कॉक उघडला होता हे छातीठोकपणे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो या टेबलाशी बसून एकतीस वर्षं तोंड शिवून होता.

साडेतीनला काठीचा आवाज आला. कॅप्टन आत आले आणि खुर्चीत टेकले. रोज आल्या आल्या भिंग मागायचे, ते आज मागितलं नाही.

"भाऊजी, बरं नाही का?"

"काल मी गॅस चालू ठेवून फिरायला गेलो," कॅप्टन म्हणाले. "परवा नळ. टाकी रिकामी झाली. तुझी ताई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं."

"वय झालं की होतं असं. मी परवा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधत होतो."

कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या बाजूकडे बोट केलं. "कॉक राहिलाय ना? दांडी आडवी लाव."

मिस्त्रींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आडवी?"

"बंद. त्या दिवशी सापडला तसा." कॅप्टन शांतपणे बोलत होते आणि ते शांत बोलणंच मिस्त्रींना सोसवेना. "रात्रभर विचार केला. जो माणूस गॅस विसरतो, तो कॉक विसरणार नाही कशावरून? मला उगाच वाटत राहिलं की उघडला होता. सगळे म्हणत होते ते बरोबरच असणार. एवढी वर्षं मी नुसती तुम्हा सगळ्यांची डोकी खाल्ली. लाव आडवी आणि चिकटव दोन्ही बाजू. आज ती आली की तिला दाखवतो आणि सांगतो, चुकलो. विषय मिटला."

विषय मिटावा म्हणून तर मिस्त्री एकतीस वर्षं देव पाण्यात घालून बसले होते. आता तो मिटत होता, आयता, दुसऱ्याच्या तोंडाने. दांडी आडवी चिकटवायची, दोन बाजू जुळवायच्या, दहा मिनिटं दाबून धरायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांनी चिमट्याने डबीतून दांडी उचलली. पितळी रंगाची, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. कॉकचा, दांडी बसवायचा खुंट तेवढा त्यांनी आधीच भिंतीवर बसवून ठेवला होता. आणि मग त्यांचं लक्ष गेलं की आपण त्या खुंटाचं टोक कानशीने घासून चौकोनी केलंय. एवढ्याशा टोकाला कोण बघणार होतं? पण हातांनी केलं होतं, खऱ्या विमानाला होतं म्हणून. चौकोनी खुंटावर दांडी चार तऱ्हांनी बसू शकते. मेकॅनिकने नीट बघून बसवली नाही तर ती उलटं सांगत राहते, आणि वैमानिकाला ते कधी कळायचं नाही.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दांडी अजून चिमट्यातच होती.

"लाव ना," कॅप्टन म्हणाले.

"नाही लावणार, भाऊजी."

"आता तू हट्टाला पेटू नकोस."

"तुम्ही उघडला होतात."

"हे तुझी ताई म्हणते तसं म्हणायचं नाही मला," कॅप्टन एकदम तडकले. "चुचकारायचं नाही! मी काय लहान मूल आहे?"

"चुचकारत नाही." मिस्त्रींनी डावी बाजू त्यांच्यासमोर सरकवली, वर भिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने दांडी खुंटावर टेकवली. "हे बघा. आदल्या दिवशी कॉक गळत होता म्हणून मी तो उघडला. वायसर बदलला. दांडी परत बसवताना एक घर चुकली. अशी. म्हणजे आडवी दिसते तेव्हा पेट्रोल चालू, आणि तुम्ही फिरवून नळीच्या रेषेत केलीत की बंद. तुम्ही सकाळी बसलात आणि रोजच्यासारखी फिरवलीत. तुमच्या हाताला आठवतं ते बरोबर आहे."

कॅप्टन भिंगातून बघत राहिले.

"पण कॉक बंद होता आणि दांडीही आडवीच सापडली," ते हळूहळू म्हणाले. "दोन्ही जुळत होतं. चौकशीत तेच तर होतं."

"मी जुळवलं." आता थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, हे मिस्त्रींना कळत होतं. "मी पहिला पोचलो. तुम्हाला बाहेर काढलं. दांडी नळीच्या रेषेत बघितली आणि माझी पाचावर धारण बसली. साहेब यायच्या आत नट काढून दांडी परत नीट बसवली."

"पाना कुठून आणलास?"

"खिशात होता. दहा नंबरचा. नेहमी असायचा."

"मला झाडाखाली निजवलंस," कॅप्टन म्हणाले. त्यांचे डोळे भिंगावरच होते, पण ते आता कॉककडे बघत नव्हते. "पाणी आणतो म्हणून गेलास. मी वाट बघत होतो. घसा नुसता सुकला होता. मला वाटलं, विहीर लांब असेल."

"विहीर जवळच होती," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. सत्तरी गाठलेला माणूस, गोंदाच्या बाटलीशेजारी कपाळ टेकून, लहान पोरासारखा रडला. माफ करा असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. कॅप्टननी ना त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ना शिवी दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रडणं ओसरल्यावर कॅप्टन म्हणाले, "तिला तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, सुरू झालं पुन्हा."

ताई पाचला दहा कमी असतानाच आली. चपला दारात काढल्या, पिशवी खाली ठेवली. "झालं का बंद? हे काय, अजून दोन तुकडेच? दोघं मिळून महिनाभर करता काय, गप्पा?" मग तिने भावाचा चेहरा बघितला. "काय झालं रे?"

"ताई, बस."

मिस्त्रींनी सांगितलं. पहिल्यांदा सांगताना निदान हात कामात होते. या वेळी ते मांडीवर होते आणि त्यांचं काय करावं हे कळत नव्हतं. कॉक, वायसर, एक घर, नट, पाना. विहीरसुद्धा सांगितली, कारण भाऊजी ऐकत होते. संपल्यावर ताईने भावाकडे बघितलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. हातात ना भाजी होती, ना सुई-दोरा.

"उघडला होतात तुम्ही," ती म्हणाली.

"हो," कॅप्टन म्हणाले. "हो ना. उघडला होता गं."

"मी हो म्हणायचे, पण मला कधी खरं वाटलं नाही."

"माहीत होतं मला."

मग कॅप्टननी मिस्त्रींकडे हात पसरला. "चिमटा दे."

महिनाभरात मिस्त्रींनी त्यांना चिमट्याला हात लावू दिला नव्हता. दोन घड्याळं त्यांनी जमिनीवर पाडून हरवली होती. आज मिस्त्रींनी चिमटा मुकाट दिला आणि दांडीच्या टोकाला गोंदाचा थेंब लावून दिला. कॅप्टननी कोपर टेबलावर रोवलं. दांडी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा ती खुंटावर बसली, नळीच्या रेषेत, थोडीशी तिरकी. मिस्त्रींना ते तिरकं दिसलं, पण त्यांनी ते तसंच राहू दिलं.

गोंद वाळल्यावर कॅप्टननी खिशातला रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि डावी बाजू त्यात ठेवून चारी टोकं अलगद बांधली.

"भाऊजी, आणि विमान?"

"हे मी घेऊन जातो." ते काठी घेऊन उठले. रुमाल त्यांनी ताईकडे दिला नाही, स्वतःच छातीशी धरला. दारात ते थांबले. "उजवी टाकून देऊ नकोस. सांभाळून ठेव. मला यावंसं वाटलं तर मी येईन. तू बोलवायला येऊ नकोस."

ताई चपला घालत होती. या घरातून निघताना ती आजवर "येते रे" म्हटल्याशिवाय निघाली नव्हती. आज तिने नवऱ्याचा हात धरला, पायरी जपून उतरवली आणि दोघं गेली.

मिस्त्रींनी उजवी बाजू हातात घेतली. आत अर्धी फळी होती, एक पट्टा आणि दोऱ्याला लटकणारी पेन्सिल. त्यांनी ती परत टेबलावर ठेवली, गोंदाच्या बाटलीला बूच लावलं आणि कॅप्टनची खुर्ची होती तिथेच राहू दिली.