ज्येष्ठमधाच्या गुळण्या

नागपूर मुंबई राज्यात गेलं, त्या हिवाळ्यात रामाकोन्याच्या पंचफुलाबाईंच्या गालात कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी विजेचे शेक, म्हणजे क्ष-किरणांचे उपचार, सुरू केले अन् तोंड इतकं सोललं, की पेजही गिळवेना. मोहगावच्या भैय्याजी वैद्यांनी ज्येष्ठमधाच्या गुळण्या दिल्या. आठ दिवसांत त्या मऊ भात जेवल्या.

"आता तुमचंच औषध घेतो, भैय्याजी. नागपूर बंद."

"नाही बाई. यानं तोंडाची आग थांबते, गाठ जात नाही. शेक सोडू नका."

पंचफुलाबाई गोंधळल्या. ज्यानं आराम पडला त्यानं गाठ जाणार नाही, अन् ज्यानं तोंड भाजलं त्यानंच जाणार?

तरी सोमवारी त्या नागपूरच्या मोटारीत बसल्या.

"मी नेमकं कोनाचं ऐकून राहिलो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"दोघांचंही," नत्थूजी म्हणाले.