कोरडी दोरी

मुलांनो, डोळे मिटा आणि एका जहाजावर या. चहूकडे धुकं आहे. किनारा नाही, झाड नाही, मैलाचा दगड तर नाहीच नाही. आता मला सांगा, आपण किती वेगानं चाललोय? पाण्याकडे बघून सांगता येणार नाही. पाणीही हलतंय आणि आपणही हलतोय.

अशा वेळी खलाशी एक लांब दोरी काढतात. तिच्या टोकाला त्रिकोणी फळी असते. फळी मागं पाण्यात टाकली की ती आहे तिथंच तरंगत राहते, जहाज पुढं जातं आणि दोरी हातातून सरसर सुटत जाते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असतात. एकानं वाळूचं छोटं घड्याळ उलटं धरायचं. अठ्ठावीस सेकंदांत त्यातली वाळू संपते. तेवढ्यात हातातून जितक्या गाठी गेल्या, तितका जहाजाचा वेग, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. मग वेग आणि वेळ यांवरून आपण कुठवर आलो ते नकाशावर मांडायचं.

आता डोळे उघडा. त्या गाठी कुणीतरी मारलेल्या असतात ना? अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरातल्या एका दोरखान्यात त्या गाठी डॉर्कस मारायची.

डॉर्कस अकरा वर्षांची. तिचा बाप जोनास हार्लंड दोर वळायचा आणि त्याचा बापही तेच करायचा. दोरखाना म्हणजे एक लांबच लांब छप्पर, इतकं लांब की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाच्या माणसाला कुणीतरी कुजबुजल्यासारखं वाटावं. जमिनीत दोन खुंट्या रोवलेल्या होत्या. त्यांच्यातलं अंतर बरोबर सव्वासत्तेचाळीस फूट. दोन गाठींमधलं अंतरही तेवढंच हवं. त्या वर्षीच्या वसंतात जोनासनं ते काम डॉर्कसवर सोपवलं होतं. "बोटं बारीक आहेत आणि मोजण्यात चोख आहे," एवढंच तो म्हणाला होता; पण जोनासच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं.

दोरखान्याच्या दाराला बाहेरून एक मोठा खिळा होता. बापाच्या हातून असो की गड्याच्या, खराब दोर निघाला की तो तीन तुकडे करून त्या खिळ्याला वर्षभर टांगायचा, अशी तिथली रीत. मासे घेऊन जाणाऱ्या बायका येता-जाता विचारायच्या, "हे कुणाचं कर्तृत्व गं?" त्या उन्हाळ्यात खिळा रिकामा होता.

आणखी एक रीत होती. गाठींची दोरी आधी खाडीच्या पाण्यात बुडवायची, ताणायची, वाळवायची. असं तीन वेळा करायचं. मग ओली असतानाच खुंट्यांना लावून मोजायची. पाणी आणायला धक्क्याच्या ओल्या पायऱ्या उतरून जावं लागायचं आणि भरलेली बादली घेऊन परत चढावं लागायचं.

एका जहाजासाठी गाठींची नवी दोरी करायची होती, नेमका त्याच आठवड्यात ओबेद रस्किन दोरखान्यात कामाला आला. पाय अधू झालेला, साठीला टेकलेला म्हातारा. कोपऱ्यात बसून जुने दोर उसवून त्यांचा वाख, म्हणजे तंतू, पिंजायचा. पण हा साधा म्हातारा नव्हता. कॅप्टन कुकच्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेत तो जहाजावर शीडवाला होता. व्हिटबीत कुकची गोष्ट माहीत नाही असं माणूस नव्हतं. शेजारच्या गावात दुकानात माल मोजणारा पोरगा, मग इथल्या कोळशाच्या जहाजांवर उमेदवारी, आणि आता राजाचा कप्तान. तरीही जो माणूस त्याच्या हाताखाली शिडं शिवून आला, त्याच्या तोंडून ते ऐकणं वेगळंच.

"ओबेदआजोबा, राजाकडे एवढी मोठमोठी जहाजं असताना त्यांनी आपलं कोळशाचं जहाज का नेलं?" डॉर्कसनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुझं बूड बघ, सपाट आहे. म्हणून तू स्टुलावर बसतेस. आपल्या जहाजाचंही तसंच. ओहोटीत चिखलावर ठेवलं तरी आडवं होत नाही. राजाच्या सुंदऱ्या लगेच कलंडतात."

"मग ते कधी चिखलावर बसलं?"

"चिखलावर कुठलं. बसलं ते खडकावर." आणि म्हातारा गप्प झाला. गोष्ट तोडायची कुठं, ते त्याला बरोबर कळत असे.

त्या खडकाची गोष्ट त्यानं मंगळवारी सुरू केली, आणि मंगळवारीच दोरी पहिल्यांदा भिजवायची होती. डॉर्कसनं बादलीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. "समुद्रात गेल्यावर भिजणारच आहे की," ती मनाशी म्हणाली, "मग आधी कशाला भिजवायची?" ती कोरडी दोरी तिनं खुंट्यांना लावली आणि कान ओबेदकडे ठेवून गाठी मारायला लागली. गाठी अगदी नीट मारल्या. अंतरात केसाचाही फरक नव्हता.

"रात्रीची वेळ," ओबेद सांगत होता. "खोली मोजायला दोरीनं शिशाचा गोळा टाकला, तळ सतरा वाव खाली, शंभरेक फूट. सतरा वाव म्हणजे काही भीती नाही. कप्तान झोपायला गेला. गोळा ओढून परत टाकणार, तेवढ्यात धाडकन. जहाज प्रवाळाच्या खडकावर."

"सतरा वाव होते ना?"

"होते, पण मागचा गोळा टाकला तेव्हा."

शुक्रवारी दोरी न्यायला तिचा थोरला भाऊ सायलसच आला. 'ॲबिगेल' जहाजावर तो नुकताच खलाशी म्हणून लागला होता. दुसऱ्या दिवशी भरतीला जहाज निघणार होतं, न्यूकॅसलला कोळसा भरून पुढं लंडनला.

"काय गं दोरीवाले, सासूच्या जिभेसारखी लांबच लांब केलीस का नुसती?" त्यानं दोरी खांद्यावर टाकत विचारलं.

"तुझ्या अकलेपेक्षा लांब आहे. पुरेल."

जोनास लांबून म्हणाला, "मी मोजत नाही या खेपेला. तू मोजलीस ना?"

"मोजली," डॉर्कस म्हणाली. ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी ओबेदनं पुढची गोष्ट लावली. तेवीस तास जहाज खडकावर अडकलेलं. तोफा समुद्रात फेकल्या. कप्तानापासून झाडपाला गोळा करायला आलेल्या शहाण्या पंडितांपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीनं पाणी उपसलं. शेवटी भरतीला जहाज सुटलं, पण बुडाला ही एवढी फट. "मग आम्ही एक शीड घेतलं. त्यावर वाख, लोकर आणि मेंढ्यांच्या लेंड्या थापल्या आणि ते दोरांनी जहाजाखालून ओढून घेतलं. फटीवर ते घट्ट बसलं."

"लेंड्या?"

"लेंड्या. राजाचं जहाज मेंढीच्या लेंड्यांनी वाचलं. हे लंडनमध्ये सांगत नाहीत."

डॉर्कस हसली, मग थांबली. "पण आजोबा, इतक्या लांबून घरी आलात ते रस्ता कसा सापडला?"

"तीन गोष्टी. शिसं, दोरी आणि डोळे. आणि तिन्हींवर विश्वास ठेवायचा नाही. डेकवर दोन खिळे ठोकलेले होते, तुझ्या खुंट्यांसारखेच. दोरी ओली असतानाच त्यांना लावून बघायची. पाणी लागलं की दोरीला काय सुचेल सांगता येत नाही."

डॉर्कसच्या हातातली सुतळी खाली पडली. पण ती घाबरली असं म्हणता येणार नाही. आधी तिला उत्सुकता वाटली. काय सुचतं दोरीला? त्याच दोरीचा कापून उरलेला लांब तुकडा कोपऱ्यात पडला होता. तिनं तो खुंटीपासून खुंटीपर्यंत लावला आणि जास्तीचं टोक बरोबर छाटलं. मग पायऱ्या उतरून गेली, बादली भरून आणली आणि तुकडा त्यात बुडवला. वाख पाणी पीत होता, बारीक बुडबुडे येत होते. बराच वेळ ती तशीच उकिडवी बसून राहिली.

मग तिनं ओली दोरी एका खुंटीला बांधली आणि दुसरीकडे नेली.

दोरी खुंटीपर्यंत पोचेना.

तिनं ओढून पाहिलं. तरी पावणेदोन फूट कमीच.

"फुगली," ती हळूच म्हणाली. "आडवी फुगली आणि उभी आखडली."

ओबेदचा पिंजणारा हात थांबला. "कुठली दोरी आहे ती?"

"'ॲबिगेल'ची. मी कोरडीच बांधली." मग ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. "गाठी जवळ आल्या, म्हणजे अठ्ठावीस सेकंदांत जास्त गाठी सुटणार. जहाज आहे त्यापेक्षा जास्त वेगात आहे असं वाटणार. शंभर मैल झाले असं वाटेल, तेव्हा शहाण्णवच झालेले असतील."

"आणि धुकं असलं तर?" ओबेदनं विचारलं. तो शाळेतल्या मास्तरासारखा उत्तराची वाट बघत राहिला.

"तर लंडनच्या वाटेवरची वाळूची बेटं मागं पडली असं समजून ते उजवीकडे वळतील." तिनं ओल्या तुकड्याचं टोक धरलं. "आणि बेटं पुढंच असतील."

दाराबाहेर लोकांची लगबग ऐकू येत होती. भरती चढत आली होती. जोनास वर चर्चकडे लाकूड बघायला गेलेला.

"आजोबा, बाबांना कळलं तर खिळ्याला टांगतील माझी दोरी. परत गाठी मारू देणार नाहीत मला."

"टांगतील. गाठीचं मी काही सांगू शकत नाही."

"तुम्ही जाल का सांगायला?"

"माझ्या या पायानं मी पुलापर्यंत पोचेन तेव्हा जहाज न्यूकॅसलला असेल. मी कुणाला काही सांगणार नाही, पोरी. गोष्ट तुझी आहे, कुठं तोडायची ते तूच ठरव."

डॉर्कसनं तो ओला तुकडा गळ्यात टाकला आणि पळत सुटली.

जहाजाला वाट द्यायला खाडीवरचा पूल उघडला होता. 'ॲबिगेल' दोरांनी ओढत ओढत त्यातून बाहेर निघत होतं आणि धक्क्यावर अर्धं गाव उभं होतं. डॉर्कस गर्दीतून घुसत अगदी कडेला आली.

"तांडेलमामा, माझी दोरी खोटी आहे!"

लोक हसले. जहाजावरून सायलस ओरडला, "घरी जा गं, लोक बघतायत."

जहाजाचा मुख्य, तांडेल, हसत कठड्याशी आला. लाल चेहऱ्याचा, कामाच्या घाईत असलेला माणूस. "किती खोटी?"

"सव्वासत्तेचाळीसला पावणेदोन फूट कमी. न भिजवता बांधली मी. ओली झाली की आखडते. हे बघा." तिनं गळ्यातला तुकडा वर धरला. त्यातून पाणी गळत होतं.

तांडेल हसायचा थांबला. फूट आणि इंच सांगणाऱ्या माणसाला तो उगाच हसत नसे. "सायलस, ती नवी दोरी आण. मागची जुनी अजून पेटीत आहे ना? तीच लाव." मग त्यानं दोरीचं वेटोळं धक्क्यावर फेकलं. ते डॉर्कसच्या पायाशी येऊन पडलं. "पोरी, पुढच्या खेपेला भिजवून दे."

जहाज पुलाबाहेर पडेपर्यंत सायलस कठड्याशी उभा राहून तिच्याकडे बघत होता आणि शेवटी त्यानं टोपी काढून हलवली.

वेटोळं उचलून ती वळली, तर मागं जोनास उभा. तो केव्हा आला होता आणि त्यानं काय काय ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडावरून कळेना. दोघं दोरखान्यापर्यंत चालत आले.

दाराशी तो म्हणाला, "मी विचारलं होतं, मोजलीस ना."

"मोजली होती, बाबा. पण कोरडी."

जोनासनं आतून कुऱ्हाड आणली, दोरीचे तीन तुकडे केले आणि कुऱ्हाड भिंतीला टेकवून तो थांबला. खिळा उंच होता. डॉर्कसनं स्टूल ओढलं, वर चढली आणि तुकडे स्वतःच्या हातानं टांगले. मासेवाली म्हातारी नेमकी तिथूनच चालली होती. "हे कुणाचं गं?" तिनं विचारलं.

"माझं," डॉर्कस म्हणाली.

म्हातारी टोपली सावरत पुढं गेली. जोनास आत गेला आणि बिनगाठीच्या नव्या दोरीचं एक वेटोळं त्यानं डॉर्कसच्या खुंटीपाशी आणून ठेवलं.

"फट लेंड्यांनी बुजली," कोपऱ्यातून ओबेद म्हणाला, "पण मग जहाज किनाऱ्याला काढून बघितलं, तर फटीत काय अडकलेलं होतं सांगू?"

"थांबा, आजोबा," डॉर्कस म्हणाली. "मी येईपर्यंत सांगू नका."

तिनं रिकामी बादली उचलली आणि ती धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागली.