लूमिसांची मुलगी

अ‍ॅझरायाने कुदळ उगारली, तोच एलिफलेटने त्याचा दंड धरला.

"हळू. खाली मुली आहेत."

"आता कुठल्या मुली, काका? मातीच ती." असं म्हणूनही अ‍ॅझरायाने कुदळ खाली ठेवली.

एलिफलेट गुडघे टेकून हातानेच माती उकरू लागला. कित्येक हिवाळ्यांच्या बर्फाने थडग्याचा दगड अर्धा खचला होता. वर दिसत होती ती पंख असलेली कोरीव कवटी आणि तिच्याखाली दोनदा कोरलेलं एकच नाव. मेहिटेबल लूमिस. मेहिटेबल लूमिस.

दगडापलीकडे तिसरी उभी होती. निदान ती तसं म्हणत होती.

दफनभूमीच्या कुंपणाबाहेर बैलगाडी जुंपलेली होती. गाव पोसायचं ते आपल्याच निराधारांना. परक्याला हद्दीबाहेर नेऊन सोडायचं. नदीच्या वरच्या अंगाला नवऱ्याला पुरून ही म्हातारी पाठीवर बोचकं घेऊन चालत आली होती, आणि म्हणत होती, मी इथलीच. प्रार्थनाघराला आग लागली तेव्हा गावातल्या जन्मांच्या नोंदी जळाल्या होत्या. पंचांत सर्वांत वयस्क एलिफलेट, पण लूमिस कुटुंब गाव सोडून गेलं तेव्हा तो पाळण्यात होता.

"दोनदा मेलेली बाई तिसऱ्यांदा जेवायला आली," सकाळी अ‍ॅझराया म्हणाला होता आणि सगळे पंच हसले होते. एलिफलेटही हसला होता, आणि ते त्याला अजून टोचत होतं. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायचं, हे गावात कुणाला नवीन होतं? त्याच्याआधीही एक एलिफलेट होऊन गेला होता.

"बाई, पुन्हा सांगा. खाली काय आहे?"

मेहिटेबलने परकराखालची कापडी पिशवी कमरेची नाडी सोडून काढली आणि दगडावर ठेवली. कडा विरलेल्या, रंग उडालेला. तिच्यावर लोकरीने भरलेली एक कळ्यांची फांदी.

"हे आहे. आई इथे गवत उपटायला यायची, तोवर मी बोटाने दगडावरची ही फांदी गिरवत बसायची. तेव्हा ती जमिनीच्या वर होती. लग्न झाल्यावर आठवून भरली."

"आठवून!" अ‍ॅझराया म्हणाला. "माझ्या बायकोलाही पुष्कळ आठवतं. न घडलेलंसुद्धा."

"मग नशीबवान आहे ती. मला घडलेलंच तेवढं आठवतं."

एलिफलेटने हसू लपवायला मान खाली घातली. इतकं चालून आली, हाकलायला गाडी उभी, आणि हिच्या आवाजात विनवणीचा मागमूस नाही. आपण असतो तर एव्हाना रडलो असतो, असं त्याच्या मनात आलं.

बोटांना खाच लागली. त्याने बाहीने दगड पुसला. डावीकडे वळलेला देठ. टोकाशी दुमडलेलं पान, हुबेहूब पिशवीवरचं. मान टाकलेली एक कळी. मग दुसरी. त्याने आणखी उकरलं. पुढे नुसता कोरा दगड.

अ‍ॅझराया वाकला. त्याने पिशवी पाहिली, दगड पाहिला.

"इथे दोन कळ्या आहेत, काका. पिशवीवर तीन."

एलिफलेटने पुन्हा पुन्हा दगड पुसला. कुंपणापाशी बैल रवंथ करत होते. म्हातारीकडे पाहायचा त्याला धीर होईना.

"दोनच असणार," मेहिटेबल म्हणाली. "त्या दोघींच्या दोन."

"मग तिसरी?"

"ती मी. हा दगड घडवला तेव्हा मी नव्हते. नंतर झाले. नाव मिळालं तेही त्यांचंच." तिने पिशवीवरची माती झटकली. "एवढी एकच माझी."

एलिफलेटला आता दिसलं. पिशवीवरही दोन कळ्यांनी माना टाकल्या होत्या. तिसरी सरळ उभी होती.

अ‍ॅझराया उकिडवा बसला. त्याने कुदळीला हात लावला नाही. ओंजळीने माती परत लोटली आणि तळव्याने हलकेच थोपटली.

"उठा काका, गुडघे भिजले तुमचे."

तो कुंपणाकडे गेला. गाडीवान विचारत होता, कोणत्या हद्दीवर न्यायचं.

"कुठे नाही. तिचं बोचकं माझ्या घरी टाक," अ‍ॅझरायाचा आवाज आला. "आणि घरात सांग, लूमिसांची मुलगी आलीय. जेवायला आहे."