भरलेला पेला

घड्याळजींच्या घराण्यात हात थरथर कापायचे. त्यांच्या वडिलांचा चहा उतारवयात कपात कमी आणि बशीत जास्त असायचा. काकांना तर भर उमेदीत दुकान सोडून घरी बसावं लागलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा हात कापणं म्हणजे पोटावरच पाय. म्हणून घड्याळजींनी एक परीक्षा काढली होती. घरातलं मूल जरा कळतं झालं की त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायचा आणि स्वयंपाकघरातून दुकानातल्या टेबलापर्यंत आणायला लावायचा. थेंब सांडला, की ते मूल दुरुस्तीच्या टेबलावर बसणार नाही.

थोरल्याने पेला आणला तो जणू रिकामाच असल्यासारखा. धाकटीची पाळी आली तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावूनच बसले होते. ते तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते, फक्त बोटांकडे बघत होते. उंबऱ्यावर पाणी हिंदकळून सांडलं.

"आला बघ," ते बायकोला म्हणाले, "आजोबांचा हात आला हिच्यात."

"अहो, पोर घाबरलीये," बायको म्हणाली. पण ऐकतो कोण!

त्या दिवसापासून त्यांना पोरीत आजोबाच दिसू लागले. वाटी ठेवताना आवाज झाला, आजोबा. अक्षर तिरकं आलं, आजोबा. भाऊ तिला सांडलवंड म्हणायचा आणि घड्याळजी हसायचे. त्यांची नजर वळली की तिच्या हातून काहीतरी पडायचंच. आपलं निदान बरोबर निघालं म्हणून या बापाला, खोटं कशाला बोला, थोडं समाधानही वाटायचं.

टेबल थोरल्याला मिळालं. त्याचा हात दगडासारखा स्थिर होता, पण मन काही त्या टेबलाशी बसेना. शेवटी कंटाळून तो जुन्या गाड्या विकायच्या धंद्यात गेला. धाकटी नोकरीच्या नावाने दुसऱ्या शहरात गेली ती तिकडचीच झाली.

पुढे घड्याळजींचेच हात कापू लागले. डॉक्टर म्हणाले, "हे घराण्यातून येतं खरं, पण प्रत्येकाला येतंच असं नाही. लहान वयात तर फारच क्वचित."

"माझ्या मुलीचे लहानपणीच कापायचे."

"नेहमी? की कुणी बघत असलं की?"

आपण बघत नसताना तिचे हात कसे असायचे, ते घड्याळजींना कुठून माहीत असणार? घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही बाजारात गेलात की ती तुमच्या टेबलावर बसायची," बायको म्हणाली. "मोडकी घड्याळं जोडायची. तिकडेही तेच करते, छोटं दुकान आहे तिचं. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळचीच बस धरली. आपलं दुकान तिच्या हवाली करायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

तिच्या दुकानाला काचेचं दार होतं. आत ती खाली मान घालून बसली होती. चिमट्यात केसाएवढी बारीक स्प्रिंग होती आणि हात जराही हलत नव्हता. असा हात घड्याळजींचा ऐन तारुण्यातही नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दार ढकललं.

"बाबा?" तिने वर पाहिलं. स्प्रिंग चिमट्यातून निसटली. तिने ती पुन्हा उचलली, पण आता चिमट्याचं टोक थरथरत होतं.

"मी चुकलो गं पोरी," घड्याळजी म्हणाले. "घरी चल. दुकान तुझंच आहे."

तिने चिमटा खाली ठेवला. "मला यावंसं वाटतं, बाबा. खरंच वाटतं. पण हे बघा." तिने हात पुढे केला. "तुम्ही आत आलात आणि सुरू झालं."

"मी दुकानात पाऊलसुद्धा टाकणार नाही."

"तरी मला तुम्ही समोर बसलेले दिसाल. भिंग लावून."

घड्याळजींची नजर पुन्हा तिच्या बोटांकडे गेली. ती अवघडून म्हणाली, "गिऱ्हाईक येईल आता. एवढी स्प्रिंग बसवून घेऊ का?"

घड्याळजी बाहेर आले आणि काचेकडे पाठ करून फुटपाथवर उभे राहिले. एकदा, फक्त एकदाच वळून तिचा तो हात बघावा, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी आपले कापणारे हात खिशात घातले आणि समोरच्या रहदारीकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने मागे दार उघडलं.

"बसली, बाबा," ती म्हणाली.

"शाब्बास," घड्याळजी म्हणाले. पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.