कोटाची बटणं

चार भोकांचं एक तपकिरी बटण काचेच्या बरणीच्या तोंडाशी अडकून बसलं होतं... आणि शाळेच्या सभागृहातली शे-दीडशे माणसं तिच्या दिराने उंच धरलेल्या त्या बरणीकडे बघत होती. आणि ती, गल्लीतली शिवणवाली, तिसऱ्या रांगेत बसून मनात म्हणत होती – अरे देवा, भाऊजींनी मला विचारलंच नाही की!

रस्त्याच्या कडेने सायकलींचा पट्टा आखायचा, म्हणजे दुकानांपुढे गाड्या लावायची जागा जाणार, यावरून महिनाभर गल्लीत रण माजलं होतं. रंगाचं दुकान चालवणारा हा दीर विरोधकांचा म्होरक्या. "वहिनी, तुम्ही दिवसभर दारातच बसता, गिऱ्हाईक कशाने येतं ते मोजा," हे त्याचंच फर्मान. पायाखाली मशीन, हातात कापड – रेघा कुठे मारत बसणार? तिने बटणं टाकली. गाडीवाल्याला शर्टाचं बारीक. सायकलवाल्याला नि पायी येणाऱ्याला कोटाचं मोठं, कारण ती बटणं पडूनच होती, हल्ली कोट शिवतो कोण? आठवड्यात बरणी काठोकाठ भरली. आज सकाळी दिराने ती उचलली, मोठी बटणं म्हणजे मोटारी असं आपलं आपणच ठरवलं आणि चालू लागला. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. काढता आल्या असत्या म्हणा...

"ही मोठी सगळी गाडीवाली," दीर गरजत होता. "पट्टा आखलात तर आमचा धंदा बसलाच समजा!"

समजा... नवरा गेला त्या वर्षी याच माणसाने दुकानाची खोली तिला दिली होती – "वहिनी, तुमचीच समजा." कागद कधी झाला नाही. अकरा वर्षं ती समजत आली, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाशब्दाला मान डोलवत आली. विरोधाच्या अर्जावर पहिली सही तिचीच. वाईट नव्हता तो. उपकार बोलून दाखवत नसे. ते तीच स्वतःला रोज ऐकवायची.

"बटणं टाकली कुणी?" व्यासपीठावरच्या, पालिकेच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"आमच्या वहिनींनी. विचारा ना!"

ती उठली. मशीन रस्त्यावर आलं तर... येईना का! मोजलं कुणी? मी. आठवडाभर, एकेक करून, मी.

"मोठी सायकलींची," ती म्हणाली, "आणि चालत येणाऱ्यांची. गाड्यांची ती बारीक. तळाशी असतील वीसेक."

बेकरीवाला फिस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळं सभागृह.

"वहिनी, काय बोलताय काय?"

"मोजलं तेच बोलतेय, भाऊजी. आणि अर्जावरची माझी सही खोडा."

बाईंनी मतं मागितली, भराभर हात वर झाले. सहा महिने पट्टा आखून बघायचं ठरलं. तिचाही हात वर होता, सगळ्यांत उशिरा खाली आला.

दाराशी दीर तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी येतो. खोलीचं बोलू."

"या," ती म्हणाली.

पुढे काही जोडावंसं तिला वाटलं नाही. रस्त्यावर आल्यावर तिने छातीतली नेहमीची धास्ती शोधून पाहिली – नव्हती. खोली कदाचित जाईल... जाईलही. पण आनंद असा उसळत होता की चालणं तिला जमेना, ती जवळजवळ धावतच सुटली, आणि अकरा वर्षांत लागली नव्हती अशी कडकडून भूक तिला लागली होती.