आधी बोलणारा

संशय घेणं हा रत्नमाला शहारे यांचा स्वभाव नव्हता, पेशा होता. साकोलीच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत आणि सुटीच्या दिवशी गावोगाव फिरून लिंबातून रक्त कसं काढतात ते दाखवत. त्यामुळे कॉलेजच्या आवारातल्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर त्यांनी भुताची श्रुतिका बसवायला घेतली, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं, बाई थकल्या. उरलेल्या अर्ध्याला वाटलं, बाईंना काहीतरी दिसलं असावं.

खरं कारण होते वासुदेवराव. ते केंद्राचे अध्यक्ष. बाई धानावरच्या तुडतुड्यांबद्दल जो कार्यक्रम करायच्या, तो कोणी ऐकत नाही अशी त्यांची तक्रार होती. तुडतुडेसुद्धा ऐकत नसावेत, कारण ते कमी झाले नव्हते.

"आमच्या लहानपणी रेडिओवर भुताची श्रुतिका लागायची, बाई," वासुदेवराव म्हणाले. "दार नुसतं करकरलं की आम्ही घोंगडीत. तसलं काही करा. थेट, जुन्या पद्धतीनं. रेकॉर्ड करून कापाकापी नको. नाहीतर संध्याकाळचा तास कमलेशच्या फर्माइशी गाण्यांना देऊन टाकू."

कमलेश म्हणजे केंद्राचा तंत्रज्ञ. लग्नसराईत तो डीजे वाजवायचा आणि उरलेल्या दिवसांत लग्नसराईची वाट पाहायचा.

बाईंनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एक विलायती कथा निवडली. लेखक कधीच वारला होता, म्हणजे परवानगीचा प्रश्न नव्हता. बंद पडलेली खाण, आत रोज संध्याकाळी पावलं वाजतात, तपासाला एक इन्स्पेक्टर येतो, असा एकूण मामला. बाईंनी खाण कोळशाची होती ती मँगनीजची केली आणि उचलून चिखल्याकडच्या एका कल्पनेतल्या गावी आणून ठेवली. बटलरचा खानसामा झाला. धुकं मात्र राहू दिलं, रेडिओवर त्याला खर्च येत नाही. मूळ लेखकानं शेवटी भूत खरं ठरवलं होतं. ती चूक बाईंनी दुरुस्त केली. त्यांच्या चौथ्या भागात पावलांचा आवाज खाणीतल्या जुन्या पंपाचा निघत होता. तीन भाग लोकांना घाबरवायचं आणि चौथ्यात शहाणं करायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

नट मात्र झाडीपट्टीचे होते, कारण इथे दुसरे नट नसतात. दिवाळीनंतर इकडे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. नट आज या नाटकात राजा असतो आणि उद्या त्या नाटकात दारुडा. त्यामुळे पाठांतराच्या भानगडीत कोणी पडत नाही. विंगेत प्रॉम्टर बसतो, तो एकेक वाक्य पुरवतो आणि नट ते उचलून प्रेक्षकांवर फेकतो. चांगल्या प्रॉम्टरचा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही, असं मानतात. पहिली रांगही ते मानून घेते.

भैय्यालाल इन्स्पेक्टर झाला. पंचवीस वर्षं खलनायकी केलेला माणूस. तालमीत बाईंनी त्याच्या हातात कागद दिला, तर त्यानं तो घडी करून खिशात ठेवला.

"कागद पाहून बोल्लो त बातम्या वाचल्यासारखं लागते, म्याडम. आमचा मंगरूभाऊ येते ना."

मंगरूभाऊ आले. साठीचे, सडपातळ, नाटकाच्या दुनियेत नाव असलेले प्रॉम्टर. खुर्ची नाकारून ते मायक्रोफोनच्या पायाशी पाटावर बसले. सुपात धान घोळवून पाऊस पाडायला आणि घमेल्यात साखळी ओढून खाणीची ट्रॉली चालवायला रिता होती. ती एरवी नायिका करायची. काचेपलीकडे बाई आणि कमलेश. पहिला भाग निर्विघ्न पार पडला.

मग फोन वाजला. सेंदूरवाफ्याच्या शकुनबाई.

"म्याडम, नाटक चांगलं होतं. पन तो दुसरा कोन आहे?"

"दुसरा कोण?"

"इन्स्पेक्टर बोलाच्या आदी कोनीतरी बोलते ना. हळूच. मेलेल्या मानसावानी. आनि मंग इन्स्पेक्टर तेच बोलते. त्याले धरलं का जी त्यानं?"

बाईंनी कार्यक्रम ऐकल्याबद्दल आभार मानले आणि शकुनबाईंच्या रेडिओवर संशय घेतला. पण पाठोपाठ फोन येत राहिले, आणि सगळ्यांचे रेडिओ एकदम बिघडणं बाईंच्या विज्ञानात बसेना. तेव्हा त्यांनी संशय कमलेशकडे वळवला.

"कमलेश, आवाजात तू काय मिसळतोस?"

"मी? मी कायले मिसळू?"

"तुला संध्याकाळचा तास पाहिजे म्हणून."

"म्याडम, माह्या गाण्यायवर लोक नाचतेत. भेव दाखवून मले काय भेटन?" कमलेशनं कानाला हात लावला. "आनि मले त कायीच आयकू नाही आलं. तुमाले आलं का?"

बाईंनाही आलं नव्हतं. त्यामुळे तर कमलेश जास्तच संशयास्पद वाटू लागला. दुसऱ्या भागाला त्यांनी त्याला दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले आणि बटणं स्वतः फिरवली. काचेपलीकडे सगळं रोजच्यासारखं होतं. भैय्यालाल गरजत होता, रिता पाऊस पाडत होती, मंगरूभाऊ पाटावर ओठ हलवत होते. फोन आधीपेक्षा जास्त आले. एकाच्या म्हणण्यानं आवाज खाणीतून येत होता. दुसऱ्याच्या म्हणण्यानं तो त्याच्या वारलेल्या चुलत्याचा होता आणि चुलता जिवंतपणी एवढं बोलत नसे.

मग पाळी भैय्यालालची.

"तुम्ही आवाज बदलून बोलता का, भैय्यालालजी? आधी हळू, मग मोठ्यानं?"

"दोन-दोन आवाज काढता आले असते," भैय्यालाल दुखावला, "त घरी एक तरी काढला असता, म्याडम. तिथं एकबी निंगत नाही."

रिता हसली म्हणून बाईंनी तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. मंगरूभाऊंकडे पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दिव्याच्या खांबावर कोणी संशय घेतं का?

तिसऱ्या भागापर्यंत गोष्ट केंद्राच्या हातात उरली नव्हती. साकोलीत बसस्टॅण्डजवळच्या पानठेल्यावर लोक रस्त्यापर्यंत उभे राहून ऐकत. काही घरांत रेडिओ अंगणात ठेवून माणसं आतून ऐकायची, न जाणो. कॉलेजच्या गेटवर कोणीतरी लिंबू-मिरची बांधली. बाईंनी ती स्वतः सोडवली आणि लिंबाचं सरबत केलं, पण पिताना त्यांना नेहमीचा आनंद झाला नाही.

वासुदेवराव मात्र खुशीत होते.

"बाई, तेवढा शेवट जरा पाहा. एवढं रंगलेलं भूत, आणि तुम्ही पंप काढता. पंप कोणाला पाहिजे?"

"शेवट बदलणार नाही."

"बदलू नका. पण इन्स्पेक्टर पंप पाहून गेल्यावर पावलं परत वाजली तर? एकदाच?"

बाईंनी नकार दिला आणि अध्यक्षांचंही नाव संशयितांत घातलं.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी दुपारी, घरी वांगी चिरता चिरता, त्यांनी केंद्राच्या दप्तरासाठी ठेवलेलं पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच मोबाइलवर लावलं. इतके दिवस लावलं नव्हतं. लोकांना भास होतो म्हणून आपण तपासायला बसलो, तर तो अर्धा मान्य केल्यासारखं होतं. दार करकरलं. पाऊस पडला. आणि एक कोरडा, सपाट, कसलीच माया नसलेला आवाज म्हणाला, 'कोण आहे तिकडे.' क्षणभरानं भैय्यालाल ओरडला, "कोण आहे तिकडे?"

रत्नमालाबाईंच्या हातातलं वांगं विळीवरच थांबलं. पाठीवरून काहीतरी सरकत गेलं. ते काय होतं हे भौतिकशास्त्राला माहीत आहे, पण त्या घटकेला बाईंना आठवलं नाही.

'मी घाबरत नाही,' सपाट आवाज म्हणाला.

"मी घाबरत नाही!" भैय्यालाल गरजला.

तिसऱ्या वाक्याला बाई सावरल्या, आणि पाचव्याला स्वतःवर चिडल्या. लहानपणापासून त्या शेणानं सारवलेल्या पटांगणात बसून नाटकं पाहत आल्या होत्या. मंगरूसारखा माणूस समोर दिसला की त्याचा आवाज गाळून टाकायचं त्यांच्या कानाला वळण लागलेलं होतं. कमलेशच्या कानालाही तेच. घरी रेडिओपुढे बसलेल्यांना मंगरू दिसतच नव्हता, मग ते गाळणार काय?

म्हणजे भूत सापडलं. उद्या भागाच्या शेवटी नाव सांगितलं की काम झालं. बाई आनंदानं मंगरूभाऊंना गाठायला केंद्रावर गेल्या. तालमीला अजून बाकी कोणी आलं नव्हतं. मंगरूभाऊ पाटावर तंबाखू मळत बसले होते. बाईंनी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला.

मंगरूभाऊंनी पूर्ण ऐकलं. तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

"हा कोन आहे, म्याडम?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही आहात, मंगरूभाऊ."

"मी?" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "म्याडम, तीस वर्स झाले. माहा आवाज विंगेच्या बाहेर गेला, असं कोनी सांगून पाहा. दोन हातावर बसलेला पेटीवाला म्हनते, मंगरू, आज आला होता का तू? हा मी नोहो. हा आवाज पाहा ना कसा. मढ्यावानी."

तीस वर्षं इतरांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या या माणसानं स्वतःचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता.

"मी उद्या लोकांना सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "भूत नाही, प्रॉम्टर होता म्हणून."

मंगरूभाऊंनी तंबाखू पुडीत परत टाकली. माणूस तंबाखू परत टाकतो तेव्हा गोष्ट गंभीर असते.

"नोका सांगू, म्याडम. वडशाचे नाटक-कंपनीवाले बी आयकून राहिले तुमचं नाटक. दिवाळीपासून सीझन आहे. मंगरूचा आवाज लोकायले आयकू जाते असं एकडाव उठलं, त मले कोन बोलवल? तुमाले भूत काढाचं आहे त काढा. मले काहून काढता?"

रात्री बाईंना झोप लागली नाही. भूत नाही हे सांगायचं तर मंगरू सांगावा लागतो. मंगरू लपवायचा तर भूत राहतं, आणि ते जन्मभर राहणार. इतकी वर्षं त्या भुतं पळवत होत्या, पण एखादं भूत गेल्यावर कोणाची भाकर बंद होते, हा प्रश्न कुठल्याच गावात आला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मंगरूभाऊंचा पाट मायक्रोफोनपासून दूर, कपाटाआड सरकवला आणि त्यांच्यासाठी कागदाची लांब नळी केली, तिचं तोंड थेट भैय्यालालच्या कानाशी. चौथा भाग चालू झाला. इन्स्पेक्टर खाणीत उतरला, पंप सापडला, झडप उघडमीट होऊन पावलांसारखी वाजते हे त्यानं श्रोत्यांना नीट समजावलं. दुसरा आवाज आला नाही. मग बाई स्वतः मायक्रोफोनसमोर उभ्या राहिल्या.

"श्रोतेहो, या नाटकात तुम्हाला जी कुजबुज ऐकू आली, ती भुताची नव्हती. माझी होती. नटांना वाक्यं मी सांगत होते. आज सांगितली नाहीत, म्हणून आज ती नाही. एवढंच."

आयुष्यात पहिल्यांदा त्या विज्ञानाच्या बाजूनं खोटं बोलल्या. आवाज जरा कोरडा निघाला, सपाटही. तशा परिस्थितीत कोणाचाही निघाला असता.

फोन लगेच वाजला. शकुनबाई.

"म्याडम, आमी आत्ता आयकलं." त्यांचा आवाज अतिशय मायेचा झाला होता. "आज नाटकात नाही आला, कारन तो तुमच्यात आला. बोलनं बी तसंच झालं तुमचं. घरी एकल्या नोका राहू. तुमचे मिस्टर आहेत ना घरी?"

बाईंनी फोन ठेवला. दारातून वासुदेवरावांनी अंगठा वर करून दाखवला आणि पुढच्या श्रुतिकेचा विचार चालू असल्याचं सांगितलं, पण आत आले नाहीत. कमलेशनं पेन देताना ते टेबलावर ठेवलं, हातात दिलं नाही.

मंगरूभाऊ कपाटाआडून उठले. त्यांचा चेहरा अगदी उजळला होता.

"पाहा म्याडम, मी सांगतच होतो. तो माहा आवाज नोहोच. तुमचा होता." मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. त्यांनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. "पन तुमी त काचेच्या त्या बाजूले होत्या. तोंड बी बंद होतं. मी पाहून राहिलो होतो ना."

बाईंकडे बोलण्यासारखं जे होतं ते मंगरूभाऊंच्याच विरुद्ध गेलं असतं.

मंगरूभाऊंनी पाट उचलला आणि काखेत घेतला. बाईंकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत, ते दाराबाहेर पडले.