वन्सं मावतील अशी लेन्स

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांना मागे सरकवलं. फोटोचा स्टुडिओ होता ना. समारंभ असो की शाळेचा वर्ग, कॅमेरा डोळ्याला लावला की पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा मागे सरका." स्टुडिओ बंद केला, पण खोड काही गेली नाही. मी चहाचा कप घेऊन समोर आले तरी हे माझ्या पाठीमागे किती जागा आहे ते बघतात.

आता रिकामपणी ह्यांनी निव्वळ हौसेसाठी एक डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घेतलाय. बाहेरून जुन्या वळणाचा, आत सगळं नवं. त्यात लेन्समधून बघायचंच नसतं. कोपऱ्यातल्या इवल्याशा खिडकीतून बघायचं, तिथे एकाच माणसाच्या दोन पुसट आकृत्या दिसतात, त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. मागे पडदा आहे, पण त्यात बघून फोटो काढणं ह्यांना कमीपणाचं वाटतं. मग पडदा दिलाय कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, तुझ्यासारख्यांसाठी. त्या दिवशी माझी भांडायची तयारी नव्हती.

कारण वन्सं निघाल्या होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी पुस्तकं बांधतो. घराला लागून एक चिंचोळी खोली आहे, तोच आमचा कारखाना. एका भिंतीशी मी पानांचे गठ्ठे शिवत बसते, पलीकडच्या भिंतीशी वन्सं कटिंग मशीनवर, आणि मध्ये खळीचं टेबल. दोघींची पाठीला पाठ. बोलणं मात्र दिवसभर चालू. आता वन्संचे गुडघे बोलायला लागले, आणि त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या, विमानाने जावं लागतं इतक्या लांब.

मला त्या खोलीचा एक फोटो हवा होता, वन्संसकट. खोली अरुंद हे खरं, पण वन्सं आजवर कुठल्याच फोटोत नाहीत ह्यात खोलीचा काही दोष नाही. त्यांचा चेहरा आहे लांबट. लहानपणी कुणीतरी घोडा म्हणून चिडवलं, ते त्यांनी मनाला लावून घेतलं ते घेतलंच. कॅमेरा निघाला की "मी कशाला, मी बॅग धरते" म्हणत त्या बाजूला होतात. घरातल्या प्रत्येक कार्यात वन्सं कुठे, तर बॅग धरून. पण त्या गेल्यावर त्या खोलीत माझं मन लागणार नव्हतं, खोटं कशाला बोलू. निदान समोरच्या भिंतीवर तरी त्या असाव्यात, एवढंच माझं मागणं होतं.

ह्यांना काय, निमित्तच हवं होतं. ओळखीच्या दुकानदाराकडून दोन लेन्स वापरून बघायला घेऊन आले, एक एकवीस मिलिमीटरची आणि एक पंधराची. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं, हे मला इतक्यांदा समजावलं की मी आता शिकवणी घेऊ शकेन. दुकानदाराचं म्हणणं, एकवीसची घ्या, पंधराची कडेच्या माणसांची पार माती करते.

एकवीसची लावून हे भिंतीला पालीसारखे चिकटले, तरी एकदा माझं कोपर बाहेर, तर एकदा मशीनचं चाक. मग पंधराची लावली. ती इतकी रुंद बघते की कॅमेऱ्याच्या खिडकीत तेवढं दिसतच नाही, म्हणून वर एक वेगळं नळकांडं बसवायचं आणि त्यातून अंदाज घ्यायचा. अंदाजच हं, कडेला नेमकं कोण येतंय ते नळकांडं छातीठोकपणे सांगत नाही. फोकसची कटकट मात्र नाही. अंतराचा आकडा एकदा लावून ठेवला की खळीच्या डब्यापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ. पहिल्या फोटोत कॅमेरा जरासा कलला, तर फळ्यांवरची पुस्तकं आमच्या अंगावर कोसळायला निघाली. दुसऱ्यात ह्यांचेच बूट आले. मग सवयीने मला म्हणाले, मागे सरक. मी सरकले आणि फोटोत मुंगीएवढी झाले.

तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या लेन्सला मागे सरकणारी माणसं चालत नाहीत. जवळ येईल तो दिसेल, दूर जाईल तो गेलाच. पण "पुढे ये" म्हणायला ह्यांची जीभ वळेना.

वन्संना विचारलं. उत्तर नेहमीचंच, खोलीचा काढा, मी कशाला. आणि त्या ह्यांच्या उजव्या हाताला, दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या, ह्यांची बॅग धरून. वर विचारून घेतलं, मी येत नाही ना. ह्यांनी नळकांड्यातून बघितलं आणि नाही म्हणाले. मी शिवायला बसले, पण सुईत दोरा काही जाईना. वन्सं तिथूनच म्हणाल्या की चष्मा डोक्यावर आहे, तो डोळ्यांवर आण. मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि तेवढ्यात ह्यांनी फोटो काढला.

संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. मी होते, टेबल होतं, मशीन चाकासकट होतं. आणि अगदी उजव्या कडेला एक गुबगुबीत बाई बॅग धरून खदाखदा हसत होती. कामाच्या ॲप्रनला जांभळट झाक, खांदे चांगले ऐसपैस, चेहरा चंद्रासारखा गोल.

"ही कोण?" वन्संनी विचारलं.

मग बॅग त्यांनीच ओळखली. कडेला आलेलं सगळं ह्या लेन्समध्ये आडवं ताणलं जातं, रंगही जांभळट होतो, असं हे चाचरत सांगायला लागले. तू नको म्हणाली होतीस, मुद्दाम नाही घेतलं तुला, आत्ता कड कापून टाकतो, म्हणाले. इतक्या वर्षांत वन्सं पहिल्यांदा सापडल्या होत्या आणि हे त्यांना कापायला निघाले होते. पण फोटो त्यांचा, चेहरा त्यांचा. मी कुठल्या तोंडाने हट्ट धरणार?

वन्सं बराच वेळ त्या गोल चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आवडला. आवडलाच असणार, हवा तसा चेहरा एकदाचा मिळाला होता.

"बरी दिसतेय गं," त्या मला म्हणाल्या. "पण ही भिंतीवर लावलीस, तर हिच्याशी बोलशील तू?"

माझे डोळेच भरून आले. त्यांनी ते बघितलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि तडक कारखान्यात गेल्या. दिवे लावले, मला माझ्या जागेवर बसवलं आणि स्वतः टेबलाच्या पुढे, ऐन मधोमध, लेन्ससमोर येऊन उभ्या राहिल्या.

मधे चेहरा ताणला जात नाही, आहे तसाच लांब येईल, असं ह्यांनी बजावलं. इतक्या जवळून नाकही मोठं येईल, म्हणाले.

"येऊ दे. आहेच मोठं."

हे नळकांड्याला डोळा लावून उभे. तोंड उघडलं, ते आता काय म्हणणार ते आम्हा दोघींना पाठ होतं, पण शब्द काही बाहेर पडला नाही.

"अजून पुढे येऊ का रे?" वन्संनी विचारलं.

"या, वन्सं," मीच म्हटलं.